अर्धी गोळी, पाव गोळी, चुरा

ढब्बू नापास झाला, आणि असा झाला की बघणाऱ्यांनी तोंडं फिरवली. अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या त्या केंद्रात हा पठ्ठ्या आठ महिने शिकला होता. परीक्षेच्या दिवशी मात्र पहिल्याच फुटपाथच्या कडेला थांबायचं विसरला, डावं-उजवं विसरला, आणि वर बक्षीस मिळाल्यासारखा शेपूट हलवत उभा राहिला.

संचालक कामाला वाघ आणि बोलायला त्याहून वाईट. "आठ महिने पाण्यात!" ते म्हणाले. "महिन्याभरानं पुन्हा परीक्षा घेतो, ती शेवटची. नाही जमलं तर हा जाईल कुठल्या तरी गोदामाच्या राखणीला, आणि तुम्ही परत पिंजरे धुवायला."

हे 'तुम्ही' म्हणजे धाकटी. वय चाळिशीला टेकलेलं, पण शिकवणाऱ्यांत सगळ्यात नवी म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. बारा वर्षं कुत्र्यांचे पिंजरे धुतल्यावर तिच्या हाती आलेला हा पहिला विद्यार्थी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ढब्बूला यथेच्छ झापलं आणि मग स्वतःच्या डब्यातलं निम्मं त्याला खाऊ घातलं.

आठवडा असाच गेला. मग ढब्बूच्या पोटाला पुन्हा खाज सुटली. केंद्रातली जनावरांची डॉक्टर म्हणजे धाकटीची सख्खी वहिनी. तिनं पूर्वीचीच गोळी दिली. त्या दुपारी धाकटी त्याला घेऊन बाहेर पडली, तर गडी कडेला नेमका थांबला, सांगितल्यावर डावीकडे वळला, खणलेल्या खड्ड्याला वळसा घालून तिला अलगद पलीकडे घेऊन गेला. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. तीन दिवस ढब्बू शहाण्यासारखा वागला. चौथ्या दिवशी खाज गेली, गोळी बंद झाली, आणि महाराज पुन्हा रस्त्याच्या मधोमध.

धाकटीनं दोन वह्या आणल्या, शिकवणीची आणि दवाखान्याची. शिकवणीच्या वहीत गोळीचा उल्लेखच नव्हता. कातडीची गोळी, तिचा शिकण्याशी काय संबंध, असंच तिच्यासकट सगळे समजत होते. दवाखान्याच्या वहीत मात्र आठ महिने, रोज सकाळी, एक गोळी. परीक्षेआधी नऊ दिवस, खाज थांबली म्हणून, ती बंद झालेली.

वहिनीनं दोन्ही वह्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! वन्सं, तुम्हाला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही, आणि हे बरं सापडलं!"

"थट्टा पुरे. काय झालंय ते सांग."

"ती गोळी थोडी गुंगी आणते. गुंगीत शिकलेलं कधी कधी गुंगीतच आठवतं. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की उंदराला औषध देऊन वाट शिकवली, तर औषध उतरल्यावर त्याला ती वाट सापडत नाही. पुन्हा औषध द्या, धावत जातो. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. ढब्बू काही विसरलेला नाही, वन्सं. सगळं त्याच्या डोक्यात आहे, फक्त हाताला लागत नाही."

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "गोळीवर चालणारा कुत्रा मी कुणाच्या हातात द्यायचा? एक दिवस गोळी द्यायची राहिली, तर?"

खडूस माणसाचं म्हणणं बरोबर निघालं की जास्तच राग येतो.

धाकटीनं त्या रागालाच कामाला लावलं. वहिनीच्या देखरेखीखाली पाच दिवस पूर्ण गोळी, मग अर्धी, मग पाव. रस्ते तेच, वळणं तीच, शब्द तेच. पाव गोळी थांबवली त्या दिवशी ढब्बूनं तिला सरळ खांबावर नेऊन आदळलं आणि तिचा गुडघा फुटला. ती लंगडत परत आली, दोन दिवस पुन्हा पाव गोळी दिली, मग नखावर मावेल एवढा चुरा. मग काहीच नाही.

परीक्षेच्या सकाळी संचालकांनी, केंद्राच्या रिवाजाप्रमाणे, स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि ढब्बूच्या पट्ट्याची मूठ धरली. धाकटी वीस पावलं मागे. तिनं तोंडातून अवाक्षर काढायचं नव्हतं.

ढब्बू थांबला, वळला, जिने चढला, उतरला. धाकटीचा जीव टांगणीला लागलेला. मोठा रस्ता आला. संचालकांनी कान दिला. चिडीचूप. "पुढे," ते म्हणाले.

ढब्बू हलला नाही.

"पुढे!"

ढब्बू वळला आणि त्यांच्या गुडघ्यांना अंग लावून आडवा उभा राहिला.

"झालं!" संचालक कडाडले. "विसरला! मी म्हणतच होतो की हा..."

तेवढ्यात बॅटरीवर चालणारा एक मोठा मालट्रक, जराही आवाज न करता, उलटा मागे येत त्यांच्या नाकासमोरून गेला. वाऱ्यानं त्यांचा शर्ट फडफडला.

मालक 'पुढे' म्हणाला तरी समोर धोका असेल तर त्याचं ऐकायचं नाही, हा सगळ्यात अवघड धडा. ढब्बू तो ऐन गुंगीच्या दिवसांत शिकला होता, आणि आज कणभर औषध पोटात नसताना त्यानं तो जसाच्या तसा बाहेर काढला होता. धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तरी आनंदाचा हुंदका फुटलाच.

संचालक खाली वाकले, चाचपडत त्यांनी ढब्बूचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"सर, पट्टी सोडू का?" मागून धाकटीनं कसंबसं विचारलं.

"कशाला? अजून अर्धा रस्ता बाकी आहे," ते म्हणाले. "हा म्हणेल तेव्हा निघू."