तात्याबाच्या हातचा प्याला

“आन् माज्या हातात प्याला कवा देनार, पाळकबुवा?”

प्रश्न खड्ड्यातून आला. तात्याबा छातीइतक्या खोल उभा राहून माती वर फेकत होता. काठावर पाळक सुंदरराव पुस्तक पोटाशी धरून उभे होते. मानमोडीच्या तापाच्या साथीतली ही एकोणिसावी कबर होती.

“आधी हे होऊ दे, तात्याबा.”

“ह्ये तर रोजच हुतंय. नाताळ आला की आता. आंग थकल्यावर मागू व्हय? का सोर्गात गेल्यावर?”

सुंदररावांनी पुस्तक उघडलं. अडचणीच्या वेळी पुस्तक उघडायचं, हे ते नगरच्या मिशनशाळेत शिकले होते. त्यातलं नेमकं काय वाचायचं हे शिकवायचं मात्र बहुधा राहून गेलं होतं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रवचन शरीरावरचं. मंडळी हे एक शरीर, आपण सारे तिचे अवयव, कोणी थोर नाही, कोणी हलका नाही. दर साली हे प्रवचन झालं की ते सेवेची कामं वाटत. अर्जुनराव मंडळीचे वडील, म्हणजे पंच. भगवानराव भजनाचे पुढारी. चतुराबाई बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन वचनं सांगणारी. तात्याबाला पहिल्या साली केरसुणी मिळाली, मग घंटा, मग कंदील आणि शेवटी कुदळ. प्रत्येक वेळी सोबत एक वचन मिळालं. चौदा वर्षांत शरीराचे बहुतेक अवयव त्याच्या वाट्याला येऊन गेले. हात तेवढे राहिले. म्हणजे प्रभुभोजनाचा प्याला लोकांच्या ओठांपर्यंत नेणारे हात.

त्याला कारण होतं. चौसाळ्यापासून कोसावरच्या त्यांच्या गावानं या सगळ्यांनाच वेशीबाहेर ठेवलं होतं. वेशीबाहेर आल्यावर त्यांनी आपसांत एक ओढा ठेवला. अलीकडचे पलीकडच्यांच्या हातचं पाणी पीत नसत. पुढे दोन्हीकडचे ख्रिस्ती झाले, एकाच देवळात बसू लागले, एकाच सुरात गाऊ लागले. पण ती रीत बाप्तिस्म्याच्या पाण्यातही विरघळली नाही. तात्याबा पलीकडचा. सुंदरराव अलीकडचे, आणि हे त्यांच्या कुठल्याही प्रवचनात येत नसे.

साथीत मात्र ओढा राहिला नाही. अलीकडची घरंच्या घरं आडवी झाली. पाणी द्यायला कोणी उठेना, तेव्हा तात्याबा घागर घेऊन दारोदार फिरला. अर्जुनरावांचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं त्यांना पाणी पाजलं. सुंदररावांनाही पाजलं.

म्हणून डिसेंबरातल्या सभेत सुंदररावांनी अखेर विषय काढला. औंदा नाताळच्या भोजनात प्याला तात्याबानं फिरवावा.

चतुराबाईच म्हणाल्या, “गप कावून बसला, अर्जुनदाजी? तुमच्या तोंडात पानी कुनी घातलं?”

“तापात मानूस काय बी पितंय,” अर्जुनराव म्हणाले. “मी कुठं सुद्दीत होतो?”

“मंग सुद्दीवर आल्यावर थुकून टाकायचं होतं की!”

भगवानरावांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं. साथीनंतर खोकल्याला कोणी कारण विचारत नसे.

“द्या बाबा, द्या त्याला प्याला,” अर्जुनराव शेवटी म्हणाले. “आमी काय आडवं येतो व्हय?”

सुंदररावांना हायसं वाटलं. मनुष्यस्वभावाची त्यांची पारख इतपतच होती.

नाताळच्या सकाळी तात्याबा ओढ्यावर हात घासून आला. राखेनं, मग मातीनं, मग पुन्हा राखेनं. देवळात मनुका भिजवून काढलेला रस पितळी प्याल्यात काठोकाठ भरला होता. सुंदररावांनी वचन वाचलं आणि प्याला त्याच्या हातात दिला. तात्याबा पहिल्या रांगेकडे असा चालला, जणू पायाखाली कोणी निजलं आहे.

अर्जुनरावांनी डोळे मिटले. ओठ प्याल्याला टेकवले. अत्यंत भक्तिभावानं. गळ्याची घाटी मात्र हलली नाही.

तात्याबा थांबला. घोट उतरायची वाट पाहिली. मग पुढे सरकला.

भगवानरावांनीही डोळे मिटले. त्यांच्या मागच्यांनीही. एवढी एकाग्र भक्ती त्या देवळानं कधी पाहिली नव्हती. चतुराबाईंनी तेवढा चांगला मोठा घोट घेतला, तोही आवाज करून.

दाराजवळ पलीकडची माणसं बसत. त्यांच्यापर्यंत प्याला यायचा तेव्हा दरसाल तळाला ओलच उरलेली असे. तात्याबाची मावशी बायनाबाई पुढे वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, “अगं बया! औंदा लई हाय की रं! मिशनच्या सायबानं मनुका जास्त धाडल्या व्हय?”

देवळात सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

“व्हय, मावशे,” तात्याबा म्हणाला. “पी. पोटभर पी.”

त्यानं प्याला तिच्यासाठी नीट तिरका धरला. मग शेजारच्याला, मग त्याच्या शेजारच्याला. कोणाला घाई केली नाही.

उरलेला रस पाळकानं शेवटी संपवायचा, अशी पद्धत होती. सुंदररावांना समोरच्या एकेकाचा गळा दिसला होता. प्याला परत आला की सगळ्यांच्या देखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा, असं त्यांनी तिथंच उभ्याउभ्या ठरवून टाकलं. चौदा वर्षांत योजलेलं एवढं एकच धाडस. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“सपलं, पाळकबुवा,” तात्याबा हळूच म्हणाला.

मंडळी बघत होती. सुंदररावांनी कोरडा प्याला तोंडाला लावला आणि प्यायल्यासारखी मान मागे टाकली.