पुढचे दोन प्लग

मनोजच्या मुरबाडातल्या गॅरेजचं शटर कित्येक महिने उघडलं नव्हतं. चार्जिंगला लावलेली बॅटरी तोंडासमोर फुटली, ॲसिड डोळ्यांत गेलं, आणि तेव्हापासून तो घराच्या ओटीवर बसून असायचा. रस्त्यानं गाडी गेली की मान वळवायचा. आवाज विरला की पुन्हा गप्प. बायको संजीवनी ब्लाऊज शिवून घर चालवत होती. त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता.

२००१ची दिवाळी झाली आणि वैशाखऱ्याचा वाल्मिक दारात आला. त्याचा घाटरस्त्यावर धाबा होता, आणि हौस म्हणून पाळलेली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती, दोन सीटांची, वरून उघडी. पूर्वी तिची देखभाल मनोजच करायचा.

"उभी केली की थरथरते रे, बंद पडते. चढाला काळा धूर नि दम नाय," वाल्मिक म्हणाला. "दोन ठिकाणी दाखवली. एक म्हणतो, इंजिन काढून डिझेलचं टाक."

"मग टाक. आंधळ्याकडे कशाला आणलीस?"

आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला. संजीवनी बाहेर आली आणि खुंटीवरची गॅरेजची किल्ली घेऊन म्हणाली, "बघायचं काय असंल ते मी बघते. तुमी ऐका. चला."

तिच्या त्या 'चला'पुढे मनोजचं काही चाललं नाही.

गॅरेजात ऑइलचा ओळखीचा वास आला आणि त्याचा हात आपसूक पान्यांच्या फळीकडे गेला. वाल्मिकनं गाडी चालू केली. इंजिनाला दोन कार्बोरेटर. पुढचा पुढच्या दोन सिलिंडरना पुरवतो, मागचा मागच्या दोघांना. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन एका सुरात चालतं. मनोजनं रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं, दुसरं संजीवनीनं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, मग दुसऱ्याच्या. त्यानं चाचपत स्क्रू फिरवले. दोघांचा सूंऽऽ आवाज सारखा झाला, तरी इंजिन थरथरतच राहिलं. त्यानं परत फिरवले. परत तेच. शेवटी त्यानं नळी फेकून दिली.

"नाय जमत. सांगितलं होतं मी."

संजीवनीनं नळी उचलून ठेवली. "पयलं तुमी प्लग काढून बघायचे. आता का नाय?"

"बंद कर रे वाल्मिक," तो म्हणाला.

प्लग गार झाल्यावर त्यानं ते चाचपत पान्यानं खोलले आणि ओळीनं तिच्या पदरात दिले. "रंग सांग."

"मागचे दोन काळे, तव्याच्या बुडासारखे. पुढचे दोन पांढरे. राखेसारखे."

"पांढरे? नक्की?"

"मला रंग कळतात हो. दिवसभर दोरे जुळवते मी."

मनोज हसला. संजीवनीनं ते हसू कितीतरी दिवसांनी ऐकलं. "पुढच्या बाजूला कुठूनतरी जादा हवा शिरते गो, म्हणून ते पांढरे! ती झाकायला कुणीतरी दोन्हीकडचं पेट्रोल वाढवलंय. म्हणून मागचे काळे."

प्लग बसवून गाडी पुन्हा चालू केली. संजीवनीनं तेलाच्या कुपीनं पुढचा कार्बोरेटर इंजिनाला जोडतो त्या सांध्यावर थेंब थेंब सोडले. खालच्या कोपऱ्यावर थेंब पडला, तेलानं फट बुजली आणि इंजिनाची थरथर एकदम थांबली. तेल आत ओढलं गेलं तसं ते पुन्हा थरथरलं.

"तिथंच!" दोघं एकदम ओरडले.

सांधा खोलला, तर हवा अडवणारं आतलं पॅकिंग चिरलेलं निघालं. तसं नवं कुठं मिळणार? संजीवनीनं पॅकिंगचा जाड कागद सांध्यावर दाबून तेलकट ठसा उठवला आणि ब्लाऊजचा गळा कापावा तसा कात्रीनं कापला. मग पुन्हा नळी, पुन्हा स्क्रू. पेट्रोल कमी केलं, हवा जुळवली. हळूहळू चारही सिलिंडर एका लयीत बोलू लागले. वाल्मिकनं गाडीचं दार उघडलं.

"दोघं बसा," तो म्हणाला. सीट दोनच. मनोज पुढे बसला, संजीवनी मागच्या अरुंद फळीवर पदर खोचून, पाय दुमडून. वैशाखरे मागं पडलं, चढ लागला. वाल्मिकनं गिअर बदलला, आणि मनोज कान देऊन ज्याची वाट बघत होता तो झटका आलाच नाही. गाडी एका दमात वळणं घेत वर गेली. वारा त्याच्या तोंडावर आपटत होता.

वर पोचल्यावर वाल्मिकनं इंजिन बंद केलं. "तुझे उपकार कसे फेडू रे?"

"माझे कसले?" मनोजनं मागे हात केला. तो संजीवनीच्या हाती लागला. बोटं अजून तेलकट होती. "हिनं किल्ली घेतली नसती तर मी अजून ओटीवरच असतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "इतके दिवस सांभाळलंस गो मला. मी एकदा बरा शब्द बोललो नाय."

संजीवनीनं हात सोडवला नाही. म्हणाली, "उद्या गॅरेज झाडायला लागंल. धूळ बघितली नाय तुमी."

"नाय बघितली," तो म्हणाला, आणि तिघंही हसत सुटले.