बंबामागचं गाठोडं

लिव्हरवर चरबी आहे असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून कालिंदीबाई नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायला लागल्या. गुणाकरराव बालाघाटच्या आबकारी कचेरीत बाबू. पकडलेली मोहाची दारू ज्या कोठीत ठेवत, तिची किल्ली त्यांच्याच करगोट्याला. बावीस वर्षांत या माणसानं थेंब तोंडाला लावला नाही, असं बाई आजवर छाती फुगवून सांगत. आता त्याच बावीस वर्षांचा त्यांना संशय यायला लागला.

डॉक्टर तसे सरळच बोलले होते. "दारू न पिणाऱ्यांच्याही लिव्हरवर चरबी येते. आणि अशा काही पेशंटांच्या आतड्यात पुढं गाठ निघालेली मी पाहिली आहे. या दोन्हींचा संबंध कुठं लिहिलेला नाही, माझा आपला संशय. शौचातून रक्त दिसलं तर लगेच या." पण 'लिव्हर' ऐकूनच बाईंचं डोकं फिरलं होतं. पुरुष पुरुषाला सांभाळून घेतो, एवढंच त्यांनी त्यातून उचललं.

शेजारच्या अहिल्याबाईंनी आगीत तेल ओतलं. "लिव्हर कायनं खराब होते, हे का सांगा लागते वैनी? कोठीची चाबी कोनापाशी हाय?"

झालं! बाईंनी पाळतच ठेवली. आंघोळीचं पाणीही हातानं न काढणारा माणूस दिवाळीपासून स्वतःचा पायजमा स्वतः धुवायला लागला होता. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीची कडी लावायचा. जेवणाचं पान अर्ध्यावर सोडायचा, वरून बडीशेप चघळायचा. पट्टा दोन भोकं आत गेला, तेव्हा बाईंना वाटलं, प्यायलेल्याला भूक कुठून लागणार.

"न्हाणीत इतका वेळ का करता तुमी?"

"पोट साफ होत नाई."

"काल तर डोकं दुखते म्हनत होते."

गुणाकररावांनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेनं बाईंची खात्री पटली. "पेत असान तर कबूल करा," त्या लेकीदेखत म्हणाल्या, "नाई तं मी सुनीतीले घेऊन कटंगीले जाते, भावाकडे." त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि चपला घालून कचेरीत गेले.

त्याच दुपारी बाईंनी न्हाणी उचकली. बंबामागे काटक्यांचा ढीग होता, त्याच्या तळाशी जुन्या टॉवेलचं गाठोडं. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. चोर सापडला होता. पण गाठोडं हलकं लागलं. गाठ सोडली तर आत बाटली नव्हती. दोन चड्ड्या आणि एक पायजमा, रक्तानं काळे पडून कडक झालेले. बाई तिथंच ओल्या फरशीवर बसल्या.

संध्याकाळी गुणाकरराव आले, तेव्हा गाठोडं ओसरीवरच होतं. बाईंनी ते त्यांच्यापुढं सरकवलं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगाले आलतो एक डाव," ते म्हणाले. "तू माह्या तोंडाचा वास घेऊन राह्यली होती. रक्त म्हटलं असतं तं तेही दारूनंच आलं म्हटलं असतं तू. मंग म्हटलं, मूळव्याध असन, जाईन आपोआप."

बाईंना स्वतःची लाज वाटली, इतकी की नवऱ्याच्या पायाला हात लावायचंही धाडस होईना.

दुसऱ्या दिवशी अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं गोंदिया, तिथून नागपूर. डॉक्टरांनी तपासलं आणि हात धुताना बराच वेळ नळ सुरूच ठेवला.

"गाठ हाताला लागतेय. ऑपरेशन करू, पण आता हमी देत नाही. चार महिने, गुणाकरराव? लगेच या म्हटलं होतं मी. इतकं लपवायचं काय कारण होतं?"

माझंच चुकलं, असं म्हणायला गुणाकररावांनी तोंड उघडलं. त्याआधी कालिंदीबाई बोलल्या.

"त्याइनं नाई लपवलं, डॉक्टरसाहेब. म्या त्याइले बोलू देल्लं नाई."