भरती आली की बंद

"आला बघ घरी. बंद कर आता," आत्या म्हणाली, आणि मी मुकाट्याने माऊस दाबला.

पडद्यावर कोकणातली एक खाडी होती. म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेलं खाडीचं गणित. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं, ओहोटीला मागे हटतं. त्यात विरघळलेलं काही असेल तर ते कुठवर जातं, हे मला काढायचं होतं. ते दिसावं म्हणून वरच्या टोकाला मी लाल रंग सोडला होता. ओहोटीला लाल जायचा, भरतीला परत यायचा, दर खेपेला थोडा फिका होऊन. गौरम्माआत्याला तो परत आलेला तेवढाच बघायचा असे. पुढचं तिला सोसत नसे. भूकंपात तिचा नवरा आणि दोन्ही पोरं गेली, माझे आईबाप गेले. उरलो आम्ही दोघं. लातूरच्या डाळमिलमध्ये राबून तिने मला शिकवलं.

आता मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. तिथे वर्गभर पोरं सर सर करतात. घरी मात्र 'आदिनाथा, आधी जेव'.

किनाऱ्यावरच्या एका संस्थेत माझ्यासाठी जागा होती. लाल पार निघून जाईपर्यंतचं गणित पाठवा आणि रुजू व्हा, असं तिथले साहेब म्हणत. मी आपला सबबी सांगे: क्लास आहे, लाईट गेली. अहो, आत्या झोपल्यावर चालवता आलं असतं की! पण मला जायचंच नव्हतं. सोबत चल म्हटलं तर ती म्हणे, माझी माणसं हितंच गेली, मी कुठं येऊ.

रविवारी दुपारी क्लासहून आलो, तर ती स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसलेली. साहेबांचा फोन तिने घेतला होता आणि गणित अर्धवट म्हणून माझी जागा अडली आहे, हे त्यांनी सांगून टाकलं होतं. म्हटलं, आता आपली धडगत नाही. पण ती रागावली नाही. फक्त लाव म्हणाली.

लाल गेला, परत आला. सवयीने माझा हात माऊसकडे गेला. तिने तो धरला.

"ऱ्हाऊ दे. आज जाऊ दे त्याला."

"आत्या, मग तो परत यायचा नाही."

"म्हाईत हाय मला."

ओहोटी, भरती, पुन्हा ओहोटी. लाल गुलाबी झाला, मग नुसता डाग उरला. मला रडू फुटत होतं आणि तिने माझा हात सोडला नव्हता. शेवटी सगळी खाडी निळी झाली.

आत्याने पदराने पडदा पुसला, आणि आपलं स्टूल उचलून परत स्वयंपाकघरात नेलं.