सारा जेवली का?

"मग? हाकललीच का शेवटी?" कमलबाईनं उगारलेली हातोडी तशीच वर धरली.

"दम धर की गं. पान तर उलटू दे," रत्नम्मा सिस्टर म्हणाली.

सीमेवरच्या कानडी मुलखात, भालकीच्या बाजारामागं पत्र्याची शेड आहे. चैत्र लागला की तिथं चिंच फोडायचं काम सुरू होतं. दगडावर चिंच धरायची, हातोडी मारायची, चिंचोका एकीकडं, गर एकीकडं. बोटं तांबडी होतात, नखांच्या कडेला आंबट झोंबत राहतं. शेडला लागूनच रत्नम्माचं घर. मिशनच्या दवाखान्यातून ती नर्स म्हणून रिटायर झालेली. दुपारी ऊन कलंडलं की ती जाडजूड कादंबरी घेऊन पोत्यावर येऊन बसायची. कादंबरी कानडी, सांगणं मराठीत. बायबलातल्या बायकांवर कुण्या बाईनं लिहिलेली.

"ग्रंथात दोन-चार ओळीच हायत," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "बाकीचं लिहिणारीनं मनानं जोडलंय. आमच्या चर्चमधले म्हणतेत, जे ग्रंथात न्हाई ते कशाला वाचताव, सिस्टर? म्या म्हणते, हाजरा वाळवंटात तहानली, ते ग्रंथात हाय. पर त्या दिवशी घरात सारा जेवली का, ते कुठं हाय? ते ह्यात असंल म्हणून वाचते."

पुस्तकातलं नाव हागार. पण शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान बायका हाजरा म्हणायच्या, म्हणून शेडमध्येही तेच रुळलं.

गोष्ट आता ऐन भरात आली होती. सारेला मूल नव्हतं. तिनंच आपली दासी हाजरा नवऱ्याला दिली. हाजरेला पोरगा झाला. पुढं सारेचीही कूस उजवली. आणि एक दिवस हाजरेच्या पोराला हसताना बघून सारेचं डोकं फिरलं.

"पहाटंच नवऱ्यानं भाकरी दिली," रत्नम्मा सांगू लागली, "पाण्याची पखाल हाजरेच्या खांद्यावर ठिवली, आन् लेकरासकट वाटंला लावलं. सारा तंबूच्या पडद्याआड उभी."

"बरूबर केलं सारानं," कमलबाई म्हणाली. "घर तिचं. आणणारी ती, पाठवणारी बी ती."

शेडमधल्या हातोड्या जरा मंदावल्या. समोरची पंचशीला कुणाची भीड ठेवणारी नव्हती. "अक्का, सारेचं बोलायलाव का सोताचं?"

"दोघींचं," म्हणत कमलबाईनं हातोडी हाणली. चिंचोका उडून पंचशीलेच्या मांडीवर पडला.

सगळ्यांना ठाऊक होतं. कमलबाईची कूस रिकामी राहिली, तेव्हा ती स्वतः हुमनाबादपुढच्या निर्णा गावी गेली होती. विजयश्रीला बघून, पसंत करून, आपल्याच नवऱ्याशी, धनराजशी, तिचं लग्न लावून हाताला धरून घरी घेऊन आली होती. बाळंतपणात तिला डिंकाचे लाडू करून घातले. नेत्राच्या टाळूवर पहिलं तेल कमलबाईनंच घातलं. पोरगी तिला थोरली आई म्हणायची आणि रात्री तिच्याच कुशीत झोपायची. गेल्या साली धनराज गेला. मधला माणूस उठला आणि दोघींच्या मधली जागा उघडी पडली. काल संध्याकाळी कमलबाई दारात आली, तर नेत्रा तिच्यासारखी गुडघा धरून लंगडत चालत होती आणि विजयश्री तोंडाला पदर लावून हसत होती. तेवढंच. कमलबाईनं चप्पलसुद्धा काढली नव्हती. "परवा तुझ्या भावाकडं जायचं, लेकरू घिऊन," एवढंच म्हणाली. विजयश्रीनं हसणं गिळलं आणि मान हलवली.

"पर एक सांगा सिस्टर," कमलबाई म्हणाली, "सारानं हाजरेची ओटी भरली का?"

"तिकडं कुठली आलीय ओटी?"

"मग हितं चुकली बघा सारा. घरातली बाई निघाली की रिकाम्या पदरानं निघत न्हाई. मंग सवत असू द्या, न्हाईतर वैरीण. म्या उद्या विजयश्रीला पाठवायले, पर ओटी भरून. कुणी बोट दावायचं काम न्हाई!" आणि जात्यावर बसल्यासारखी डोलत तिनं सूर धरला:

"हाजरा चालली उन्हात, सारा तंबूच्या सावलीत..."

"म्होरं?" पंचशीलेनं विचारलं.

"म्होरलं सुचंल तवा."

सकाळी कमलबाईनं ताटात गहू घेतले, नारळ ठेवला, चोळीचा खण ठेवला. खण चांगला काठाचा, स्वतःच्या पेटीतला. पाट मांडून तिनं हाक मारली, "विजयश्री, बस."

विजयश्रीनं ताटाकडं बघितलं, मग कमलबाईच्या मोकळ्या कपाळाकडं. "अक्का, माझी ओटी? आन् तुमच्या हातानं?"

कमलबाईचा हात गव्हात तसाच राहिला. शेडमध्ये तोऱ्यात बोलताना हे ध्यानातच आलं नव्हतं. ओटी सवाष्णीनं भरायची, सवाष्णीची भरायची. इथं समोरासमोर दोन विधवा, एकाच माणसाच्या. गल्लीतली कोण येणार होती भरायला?

"शास्त्र बघायला हितं कोण बसलंय?" ती दरडावून म्हणाली. "पदर धर."

विजयश्रीनं पदर पुढं केला. कमलबाईनं ओंजळीनं ताटातले सगळे गहू घातले, वर नारळ, खण. पदर जड झाला. मग रीतीप्रमाणं विजयश्रीनं त्यातले चार दाणे उचलले आणि ताटात माघारी टाकले. जाणारीनं घर रिकामं करू नये, आणि तिची पावलं परत वळावीत, म्हणून टाकतात ते. दाणे ताटात टणटणले. कमलबाईच्या ओठावर एक शब्द आला होता, पण बाहेर पडला तो दुसराच.

"गाडी चुकंल."

नेत्रा दारातून तीनदा वळली. "थोरले आई, तू कामून यीना गेलीस?"

"माझा गुडघा दुखायलाय," कमलबाई म्हणाली.

विजयश्रीनं झटकन मान वर केली. "अक्का, त्या दिवशी लेकरू तुमच्यावाणी चालायलं म्हणून हसले वं. सगळं तुमचंच उचलतंय ते. बोलणं, बसणं, समदं."

"आता सांगायलीस?"

"तुमी इचारलाव कुठं?"

त्या गेल्या. कमलबाईनं घर झाडलं, भाकरी थापल्या, ताट वाढून घेतलं. थोड्या वेळानं उठली, ताटावर ताट झाकलं आणि शेडला निघाली. ओटीचं ताट मात्र पाटापाशी होतं तिथंच राहिलं.

दुपारी रत्नम्मा आली तेव्हा कमलबाईसमोर तासाभराची चिंच तशीच पडली होती.

"सिस्टर, मागलं सोडा. सारा त्या दिवशी जेवली का, ते आलं का?"

रत्नम्मानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग पान काढलं, बोट ओळीवर ठेवून कानडी वाचलं आणि हळू आवाजात मराठी केलं. "ताट वाढून घेतलं. सांज झाली तरी ताट तसंच. लिहिणारी म्हणते, सारा तंबूच्या दारात येऊन वाळूतली पावलं बघत बसली. मंग वारं सुटलं."

"आन् मागं गेली का?"

"न्हाई गेली. हाजरा परत दिसलीच न्हाई तिला."

"का न्हाई गेली?"

"ग्रंथात न्हाई गेली गं बाई. लिहिणारी तरी कुठवर जोडंल?"

कमलबाईनं हातोडी खाली ठेवली. पदर झटकला, तांबडी बोटं लुगड्याला पुसली. "तिला जमलं न्हाई, तर राहू दे," ती म्हणाली. "पंचशीला, हुमनाबादची गाडी किती वाजता?"

"अक्का, चिंच?"

"चिंच कुठं पळून जायलीय?"

ती आधी घरी गेली. ओटीच्या ताटातले ते चार दाणे तिनं वेचले, पदराच्या टोकाला बांधले, गाठ दातानं आवळली. जेवणाचं झाकलेलं ताट तसंच ठेवलं.

तिकडं बायकांना प्रवास फुकट, म्हणून एसटीत कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट फाडलं. "कुठवर, अज्जी?"

"हुमनाबाद. तिथनं निर्णा. जाताना म्या एकलीच हाय. येताना तिघी असताव, ध्यानात ठिवा."

"येताना दुसरा कंडक्टर असतोय."

"मग त्याला सांगून ठिवा."

कंडक्टर हसत पुढं गेला. बाहेर उसाचे फड मागं सरकत होते. गुडघा ठणकत होता. गाडीच्या हेलकाव्यावर तिची ओवी आपोआप पुरी झाली. तिनं ती ओठातल्या ओठात म्हणून बघितली:

"हाजरा चालली उन्हात, सारा तंबूच्या सावलीत
एक पाणी पखालीत, एक पाणी पापणीत."

वाटेतल्या फाट्यावर एक बाई चढली. गाडी भरलेली. कमलबाईच्या शेजारच्या सीटवर तेवढी पिशवी होती.

"कुणी यायचंय का हितं?" त्या बाईनं विचारलं.

"व्हय," कमलबाई म्हणाली. "येताना."

आणि पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली.