चिठ्ठीवरचं गाव

आदिलाबादच्या जुन्या मालधक्क्यात माणिकरावांनी तीस वर्षं कापसाच्या गाठींवर गावांची नावं रंगवली, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. धक्क्यावरचा रेल्वेचा बाबू चिठ्ठीवर नाव लिहायचा, तोंडाने सांगायचा, "हे पूर्णा, हे मनमाड." माणिकराव ती अक्षरं चित्रासारखी हुबेहूब उतरवायचे.

एक नाव मात्र सांगायचं राहिलं. मधाच्या बाटल्यांची खोकी आली होती, गाडी सुटायला आली होती. बाबू चिठ्ठी टाकून धावला; माणिकरावांनी तीही तशीच खोक्यांवर उतरवली. डोक्यावर टिंब, पोटात दोन घागरी जोडल्यासारखं एक अक्षर, खाली शेपटी. तशी खोकी मग दर महिन्याला येऊ लागली. नंतर विचारायची लाज वाटली. पण ते गाव माणिकरावांच्या मनात वसलं. तिथे रुंद नदी होती, दिवसाही तेवणारे दिवे होते. माणसं हळू बोलायची. दुपारी गाठींना टेकून डोळा लागला की ते थेट तिथल्या पायऱ्यांवर जाऊन बसत.

परवा चुना मारायला धक्क्याचं कुलूप निघालं. माणिकराव सून दीपमालेला घेऊन आत गेले. त्यांची मुलं तेलुगू शाळेत शिकलेली. दीपमाला मात्र किनवटची, मराठी वाचणारी. कौलांतून उन्हाच्या दोऱ्या उतरल्या होत्या, त्यांत कापसाचे तंतू संथ तरंगत होते. भिंतीवर त्यांनी कुंचला चालवून पाहिलेली नावं अजून होती.

"नांदेड, परभणी," दीपमाला वाचत गेली.

"अन् हे?" माणिकरावांनी बोट ठेवलं.

"सांभाळून."

"कुठं आलं ते?"

"गाव नाही ते, मामंजी. काच फुटते म्हणून खोक्यावर लिहतेत, सांभाळून ठेवा."

माणिकरावांनी ती अक्षरं बोटाने पुन्हा एकदा गिरवली. मग हळूच म्हणाले, "मंग इतकी वर्सं मी जाऊन कुठं राह्यलो होतो, पोरी?"

चुनेवाला बादली घेऊन आला. "मार बाबा," माणिकराव म्हणाले आणि बाहेर पडले. पलीकडे नांदेडची गाडी उभी होती. दीपमालेने त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि काही न विचारता भिंतीवरचं नांदेड त्यांना दाखवायला दोन तिकिटं काढली.

किनवट गेलं. कापसाची रानं पांढरी, झोपाळू, मागे सरत होती. प्रत्येक स्टेशनावर माणिकराव खिडकीतून वाकून पाटी बघत.

"काय लिवलं हाय?"

"सहस्रकुंड."

"गावच हाय ना? पक्कं?"

"गावच हाय, मामंजी. थे पाहा, माणसं उतरून राह्यली."

ते उतरणाऱ्या माणसांकडे पाहत राहिले. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई फाटकाशी थांबली, वळली, आणि ओळख नसताना त्यांच्याकडे पाहून हसली. माणिकरावांनी हात जोडले.