मी दातांच्या डॉक्टरची खुर्ची नव्हे

मित्रांनो, असे तोंडावर हात ठेवून लांब उभे राहू नका. मी एक जुनी खुर्ची आहे, बिडाच्या पायांची आणि चामड्याच्या गादीची. माझ्याबद्दल तुमच्या मोठ्या भावंडांनी तुम्हाला काय सांगितले आहे, ते मला ठाऊक आहे. ते साफ खोटे आहे.

माझा जन्म लोखंडी सामानाच्या एका कारखान्यात झाला. मान टेकायला मला छोटी उशी आहे, पावले ठेवायला जाळीची पट्टी आहे आणि बाजूला एक दांडा आहे. तो ओढला की मी मागे कलते. इतके गुण असलेली खुर्ची घरात शोभली नसतीच. मला सलूनमध्ये नोकरी लागली. गिऱ्हाईक बसण्याआधी थोरले मालक मला फडक्याने झटकत. पुढे साठ वर्षे त्या घराने हा शिरस्ता मोडला नाही.

लहान मुले बसली की त्यांची डोकी आरशात दिसत नसत. मग माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकायची आणि मुलाला तिच्यावर बसवायचे. मुले रडून सलून डोक्यावर घेत, पण केस कापून झाले की आरशात बघून खुदकन हसत. फळी घासून घासून माझ्या हातांवर खाचा पडल्या. त्यांचा मला फार अभिमान होता, आणि पुढे त्यांनीच माझा घात केला.

थोरले मालक गेले. त्यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या मालकांनी सलून चालवले, आणि तेही म्हातारे झाले. मग त्यांच्या लेकीने कारभार हाती घेतला आणि गरगर फिरणाऱ्या नव्या खुर्च्या आणल्या. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर टॉवेल वाळू लागले. या अपमानाबद्दल मी जास्त बोलत नाही.

त्याच सुमारास गावातल्या संग्रहालयाने बाळसे धरले. पूर्वी ते आठवड्यातून एकदा उघडे, तेही किल्ली सापडली तर. नव्या संग्रहालयबाईंनी ते रोज उघडे ठेवले, पायऱ्यांशेजारी चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधला, पाट्या मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशा खाली आणल्या आणि मागे नवे दालन काढले. मग त्यांनी गावाला सांगितले, "घरातल्या जुन्या वस्तू आणून द्या."

गावाने ते इतके मनावर घेतले की विचारू नका. सात शिलाई यंत्रे आली, बंद पडलेली एकोणीस घड्याळे आली. एका गृहस्थाने घरातला चालू पंखाच देऊन टाकला. दुपारी त्याची बायको घाम पुसत आली आणि पंखा परत घेऊन गेली.

धाकटे मालक लेकीला म्हणाले, "बाबांनी जन्मभर अख्ख्या गावाची डोकी नीट केली, पण त्यांचं नाव कुठे लिहिलंय का, सांग बघू. खुर्ची देऊन टाकू या. पाटीवर तरी लोक वाचतील."

टेम्पोत माझ्याशेजारी दातांच्या एका डॉक्टरांच्या घरून आलेला पकडींचा डबा होता. हमालांनी उतरवताना तो माझ्या मांडीवर ठेवून दिला. माझ्या माहितीची चिठ्ठी वाटेतच उडून गेली. संग्रहालयबाईंनी डबा पाहिला, उशी पाहिली, खाचा पाहिल्या आणि पाटी लिहिली: 'दातांच्या डॉक्टरची खुर्ची. हातांवरच्या खाचा वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांनी पाडलेल्या आहेत.' माझ्याभोवती दोर बांधला गेला. माझ्याबरोबर आलेली फळी पहारेकऱ्याने दोन विटांवर टाकली आणि तो ऐटीत तिच्यावर बसू लागला.

तेव्हापासून मुले मला बघताच ओठ घट्ट मिटू लागली. तुमच्याशी बोलते तसे मोठ्यांशी बोलता आले असते, तर मी तिथल्या तिथे निकाल लावला असता. मला काळजी एकच होती. नव्या दालनाचे रीतसर उद्घाटन अजून व्हायचे होते आणि त्याला धाकटे मालक येणार होते, वडिलांचे नाव वाचायला.

ते आले. कडक इस्त्रीचा सदरा घालून, लेकीला बरोबर घेऊन. त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

संग्रहालयबाई लगबगीने पुढे आल्या. "काका, जरा लांबून बघा हं. खाचा बघितल्यात का? बिचारी माणसं!"

"एवढ्या खोल पडायला किती वेळ धरून बसत असतील हो?" मालकांनी विचारले.

"तासन् तास!"

मालक पहारेकऱ्याकडे गेले. "भाऊ, जरा उठता का?" त्यांनी फळी उचलली आणि वाकून दोराखालून आत आले. पहारेकऱ्याने शिट्टी तोंडात धरली, पण फळी खाचांमध्ये अशी चपखल बसली की तो फुंकायचेच विसरला.

"ही पोरांना बसवायची फळी," मालक म्हणाले. "आमच्या बाबांच्या सलूनमधली. तुम्हीही बसलाय हिच्यावर. शिंपीणकाकूंच्या धाकट्या ना तुम्ही?"

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगंबाई! म्हणजे कात्री बघून मी..."

मालकांनी अंगठा पुढे केला. त्यावर बारीकसा पांढरा वण होता. "चावलात. या खुर्चीचा दातांशी संबंध आला तो एवढाच."

सगळे दालन हसले. बाई आधी लाजल्या, मग हसल्या आणि मग म्हणाल्या, "काका, चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं." त्यांनी पाटी काढली, डबा हलवला आणि वही उघडून थोरल्या मालकांचे नाव, सलून कधी सुरू झाले ते साल, सगळे लिहून घेतले. मग फळी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "बसा ना, काका."

मालक मागे सरले. "छे छे, ती गिऱ्हाइकाची जागा." बेचाळीस वर्षे ते माझ्या पाठीशी उभे राहिले होते, पण एकदाही बसले नव्हते. "बाबा, आज तुम्ही गिऱ्हाईक," असे म्हणून लेकीने त्यांचा दंड धरला. तेव्हा कुठे ते टेकले. मला फार, फार बरे वाटले.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांना तेल द्या, हवा तर दोरही बांधा. पण आधी त्या वापरणाऱ्या माणसाला विचारा, आणि विचारताना त्याला उभे ठेवू नका. मी हजारो माणसे पेलली, पण माझे मालक इतके हलके झाले आहेत, हे मला त्या दिवशी कळले.